'प्रभव' म्हणजे काय? कथा आणि रॅप लिहिताना शब्द कसा निवडावा

अंबाजोगाईच्या एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही काही जण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी लेखनाचा वर्ग घेतो. कथा लिहिणारे येतात, कविता लिहिणारे येतात आणि अलीकडे मोबाइलवर बीट लावून रॅप करणारी मुलेही येऊ लागली आहेत. गेल्या हिवाळ्यात माजलगावकडच्या एका मुलाने पुढील चार ओळी मोठ्या आवेशाने म्हणून दाखवल्या.

वेदनेच्या वर्तुळात विदीर्ण विश्व माझे,
अस्तित्वाच्या अरण्यात अव्यक्त हे ओझे,
शोषणाच्या शृंखलेत श्वासांचे शव,
संघर्षाच्या सागरात स्वप्नांचे प्रभव.

टाळ्या पडल्या. मी त्याला एवढेच विचारले, की 'प्रभव' म्हणजे काय? तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, 'शव'ला यमक पाहिजे होतं." प्रभव म्हणजे उगम, पंचांगातल्या साठ संवत्सरांपैकी पहिल्याचे नावही प्रभवच आहे. म्हणजे त्याच्या चौथ्या ओळीत सागरात उगम झाला होता, आणि आमच्या गोदावरीला हे ऐकून नक्कीच नवल वाटले असते. पण खरी अडचण त्या एका शब्दाची नव्हती. चारही ओळी संपल्या तरी कोणाचे काय झाले, कुठे झाले आणि कोणी काय गमावले हे कोणालाच कळले नव्हते. टाळ्या वाजवणाऱ्यांनाही नाही; त्यांनी आवाजाला दाद दिली होती.

मग मी त्याला वही मिटायला लावली आणि नुसते सांग म्हटले. त्याने सांगितलेले असे: दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादमाचा ट्रक येई. त्या वर्षी आईवडिलांनी पिठाचा डबा, पत्र्याची पेटी, सरपण आणि शेळी वर चढवली, आणि याला शाळेसाठी आजीकडे ठेवले. ट्रक सुटल्यावर तो पुलापर्यंत मागे पळाला. आईसाठी तो पळाला असेल असे आम्हाला वाटले, पण तो म्हणाला, "माझं दप्तर ट्रकातच राहिलं होतं." वर्गात कोणी टाळी वाजवली नाही. दोन-तीन जणांनी मान मात्र खाली घातली.

या लेखात पुढे जे सांगायचे आहे ते सारे या दोन कथनांमधल्या अंतराविषयी आहे.

आधी सांगावे, मग लिहावे

लिहायला बसण्यापूर्वी ती गोष्ट तिची काहीही माहिती नसलेल्या एखाद्या माणसाला तोंडी सांगावी आणि सांगताना मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू ठेवावे. तीन मिनिटे पुरतात. नंतर ते जसेच्या तसे कागदावर उतरवावे, अडखळणे आणि 'मग काय झालं'सुद्धा गाळू नये. तोंडी सांगताना माणूस आपोआप वस्तू आणि हालचाली सांगतो, कारण समोरच्याच्या चेहऱ्यावर 'पुढे?' असा प्रश्न दिसत असतो. कागदासमोर तो चेहरा नसतो, आणि मग लेखक घटनेऐवजी घटनेविषयीचे स्वतःचे मत लिहू लागतो. 'वेदना', 'शोषण', 'अस्तित्व' हे शब्द मते आहेत. 'दप्तर', 'ट्रक', 'पूल' या घटना आहेत. मत ऐकणाऱ्याने बनवायचे असते. ते आपणच हातात दिले तर त्याला करायला काही उरत नाही.

उतरवलेला मजकूर आणि लिहिलेला मसुदा शेजारी ठेवून मसुद्यातल्या ज्या शब्दांना आपण बोलताना कधीच हात लावला नसता, त्यांच्याखाली रेघ मारावी. लगेच खोडू नयेत. प्रत्येक रेघेपाशी थांबून हा शब्द कोणत्या वस्तूच्या जागी येऊन बसला आहे, असे स्वतःला विचारावे. वस्तू सापडली तर तिला परत बोलवावे. सापडलीच नाही, तर तिथे काही पाहिलेलेच नव्हते असे समजावे, आणि मग तो शब्दच काय, ती ओळही जाऊ द्यावी.

माझी स्वतःचीही अशी एक चूक आहे. किल्लारीच्या भूकंपावर मी तरुणपणी एक कथा लिहिली होती, आणि तिची सुरुवात 'धरित्रीच्या उदरातील प्रक्षोभाने निद्रिस्त जनपदाचा ग्रास घेतला' अशी होती. हे वाक्य मला फार आवडत असे. औसा तालुक्यातल्या एका वृद्ध गृहस्थांना ते वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "आदल्या रात्री गणपती बुडवून आलो होतो. माळवदाची माती अंगावर आली." ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना ६.२ तीव्रतेचा तो धक्का बसला तेव्हा अनंत चतुर्दशीची मिरवणूक करून गाव दमून झोपले होते. आणि माणसे दगावली ती मुख्यत्वे जाड दगडी भिंती आणि त्यांवरच्या मातीच्या जड छतांखाली, म्हणजेच माळवदांखाली. त्या गृहस्थांच्या 'माळवद' या एका शब्दात मरणाचे कारण होते, घराची बांधणी होती आणि मराठवाड्याचा पत्ताही होता. माझ्या 'प्रक्षोभा'त यांपैकी काहीच नव्हते. ती कथा मी नंतर कुठे छापायला दिली नाही.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. माळवद हा शब्द पुण्या-मुंबईच्या अनेक वाचकांना ठाऊक नसेल. 'प्रक्षोभ' मात्र वर्तमानपत्र वाचणाऱ्या कोणालाही कळेल. तेव्हा सुबोध लेखन म्हणजे सर्वांना आधीपासून माहीत असलेल्या शब्दांचे लेखन, अशी व्याख्या केली तर माळवद बाद होईल आणि प्रक्षोभ राहील, जे उघडच उलटे आहे. अनोळखी पण नेमका शब्द वाचकाला काहीतरी दाखवतो. ओळखीचा पण भारदस्त शब्द पुष्कळदा दाखवणे टाळतो. निवड करायची ती या कसोटीवर. संस्कृत की देशी, सोपा की अवघड, हा प्रश्न त्यानंतरचा.

बारमध्ये किती मावते

कथेच्या वाचकाला मागे वळून वाक्य पुन्हा वाचता येते, रॅप ऐकणाऱ्याला येत नाही, म्हणून तिथे हिशोब अधिक कडक असतो. बीटचा वेग मिनिटाला ९० ठोके असेल तर चार ठोक्यांचा एक बार साधारण २.७ सेकंदांत संपतो आणि सोळा बारचा पूर्ण व्हर्स, म्हणजे कडवे, सुमारे ४३ सेकंदांत. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर एका बारमध्ये सोळा घरे होतात. बारा ते चौदा घरे भरावीत आणि उरलेली श्वासासाठी ठेवावीत, म्हणजे शब्दही ऐकू येतात आणि म्हणणाऱ्याचाही जीव गुदमरत नाही.

ही घरे मोजताना मराठी मुले एक चूक हमखास करतात. शाळेत वृत्ते शिकताना अक्षरे मोजायची सवय लागलेली असते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे, असे आपण शिकतो, आणि अभंग गाताना शेवटचा 'अ' लांबवता येत असल्याने तो हिशोब जुळतो. गंगाखेडच्या जनाबाईंचा अभंग म्हणताना 'घर' ही दोन अक्षरे चालतात. बोलताना मात्र आपण 'घर्' म्हणतो, म्हणजे एकच घर लागते. 'कोयता' लिहिताना तीन अक्षरांचा आणि उच्चारताना 'कोय्-ता' असा दोन घरांचा आहे. 'मुकादम' चार अक्षरांचा असून तीन घरांत बसतो. म्हणून रॅपची ओळ डोळ्यांनी मोजू नये, मांडीवर ताल धरून तोंडाने मोजावी.

'शोषणाच्या शृंखलेत श्वासांचे शव' ही ओळ मोजली तर ती अकरा घरांत बसते, म्हणजे जागेची तक्रार नाही. तक्रार जिभेची आहे: शो, शृं, श्वा, श असे चढ एकामागोमाग आल्याने म्हणणारा ते पार करण्यात गुंततो आणि ऐकणारा ते ओळखण्यात. बार संपतो तेव्हा दोघेही दमलेले असतात आणि गोष्ट तिथेच उभी असते.

शब्दसंख्येचा मोठेपणाशी किती संबंध आहे, हे पाहण्यासाठी अमेरिकेतले एक उदाहरण उपयोगी पडते. मॅट डॅनियल्स यांनी २०१४ मध्ये तिथल्या रॅपरांच्या गीतांमधले पहिले ३५,००० शब्द घेऊन त्यांत वेगवेगळे शब्द किती, याची मोजणी केली. सर्वात वर ईसॉप रॉक होता आणि सर्वात खाली डीएमएक्स. या तळाच्या डीएमएक्सचे पहिले पाचही अल्बम अमेरिकेतल्या अल्बमांच्या 'बिलबोर्ड २००' या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आले होते. यावरून थोडे शब्द म्हणजे यश, असा उलटा नियम काढू नये, कारण अत्यंत लोकप्रिय असलेल्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाची मंडळी याच मोजणीत बरीच वर होती. आकडा दोन्ही बाजूंनी मुका आहे, एवढेच त्यातून घ्यावे.

यमकाचा मोह

जड शब्द बहुतेक वेळा यमकाच्या दारातून आत येतो. मराठी वाक्य क्रियापदावर संपते आणि 'आला, गेला, झाला' ही यमके फुकट मिळतात. त्यांचा कंटाळा आला की लिहिणारा शब्दकोशाकडे धावतो आणि 'प्रभव' घेऊन येतो. वामन पंडितांना 'यमक्या वामन' हे नाव उगाच पडले नाही, आणि मोरोपंतांनी तर प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे पूर्ण टाळून 'निरोष्ठ रामायण' रचले. ही कसरत खरोखर थक्क करणारी आहे आणि आजच्या एखाद्या वेगवान रॅपरने तिच्यापुढे हात जोडावेत. पण निरोष्ठ रामायणाची आठवण निघते ती न आलेल्या अक्षरांसाठी, त्यातल्या रामासाठी फारशी निघत नाही.

उपाय असा. ज्या कामावर लिहायचे आहे त्या कामातले तीस शब्द आधी एका पानावर काढावेत आणि शेवटच्या अक्षरानुसार त्यांचे गट पाडावेत. ऊसतोडीचे पान उघडले की मुकादम, उचल, कोयता, कोपी, वाढे, टोळी, मोळी असे शब्द येतात, आणि टोळी-मोळी ही जोडी जुळलेलीच मिळते. मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारावर, लिहायचे असेल तर आडत, हमाली, तोलाई, मापाडी, पट्टी. पट्टीला चिठ्ठी घरातच बसलेली असते. कामाच्या शब्दांना एकमेकांचा सहवास असतो, म्हणून त्यांचे यमक ओढून आणल्यासारखे वाटत नाही. नाम शेवटी आणण्यासाठी वाक्य थोडे फिरवावे लागते, पण बोलीत आपण ते नेहमीच फिरवतो.

माजलगावच्या त्या मुलाने असे पान तयार केले आणि दुसऱ्या रविवारी या ओळी आणल्या.

ट्रक आला दारी, चढली मुकादमाची टोळी,
पीठ, पेटी, शेळी आणि सरपणाची मोळी,
आई म्हणली, "आजीकडं ऱ्हा," हातात दिली पोळी,
दप्तर गेलं ट्रकात, त्यातल्या वहीत अर्ध्या ओळी.

मोजून पाहिल्या तर चौदा, तेरा, चौदा, चौदा घरे भरतात. दुसऱ्या ओळीत नुसत्या चार वस्तू आहेत आणि कुटुंब पाच-सहा महिन्यांसाठी उठून चालले आहे, हे त्या यादीतूनच समजते. शेवटच्या ओळीतील 'अर्ध्या ओळी' हे त्याला यमक शोधताना सापडले की आठवताना, हे मी विचारले नाही.

अवघड शब्दाची हक्काची जागा

अवघड शब्दाला मनाई नाही, त्याला जागा नेमून द्यावी लागते. सर्वात चांगली जागा म्हणजे एखाद्या पात्राचे तोंड किंवा एखाद्या कार्यालयाचा कागद. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' हे वाक्य निवेदकाने लिहिले तर नीरस आहे. तेच तहसीलच्या नोटिशीत आले, आणि ती नोटीस बांधावर बसून एक शेतकरी अक्षर-अक्षर लावत वाचत असला, तर त्या प्रत्येक जड शब्दातून कार्यालय आणि बांध यांच्यातले अंतर दिसते. तिथे ते वाक्य सोपे करणे हाच दोष ठरेल.

नेमका पण अनोळखी शब्द आणायचा असेल तर कंस उघडून त्याचा अर्थ देऊ नये, त्याला कामाला लावावे. 'कोपीत शिरताना आई वाकली तरी बांबू डोक्याला लागलाच' एवढ्या वाक्यात कोपी बुटकी आहे, बांबूची आहे आणि त्यात माणसे राहतात हे कळून जाते. एका परिच्छेदात असा एकच शब्द आणावा. दोन आणले तर वाचक अर्थ लावत बसतो. 'कोयता' या शब्दाचे काम आणखी रंजक आहे, कारण तोडणीच्या व्यवहारात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. अवजाराच्या नावाने माणसे मोजली जातात, हे सांगायला कोणत्याही विशेषणाची गरज पडत नाही.

दिखाव्याला खुली सूट आहे ती जुगलबंदीत. कलगी-तुऱ्याच्या फडात एका बाजूने कूट टाकायचे आणि दुसऱ्या बाजूने ते उकलायचे, हाच खेळ असल्याने अवघडपणा हीच तिथली गोष्ट असते. रॅपमधल्या बॅटलचेही तसेच आहे. तो फड संपल्यावर त्याच शब्दांनी आपल्या गावाची हकीकत सांगू नये, इतकेच.

भाषेची ही निवड आपल्याकडे नवी नाही. चक्रधरस्वामींच्या मागे महानुभाव पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांना केशवदेवादी पंडितांनी संस्कृतात प्रश्न केले, तेव्हा तुमचे अस्मात्-कस्मात् मला ठाऊक नाही, स्वामींनी मला मराठीत सांगितले, मराठीतच विचारा, असे उत्तर त्यांनी दिल्याची आठवण महानुभावांच्या 'स्मृतिस्थळा'त आहे. आणि पैठणच्या एकनाथांकडे तर दोन्ही हत्यारे होती. भागवताच्या एकादश स्कंधावर विस्तृत ओवीबद्ध टीका लिहिणारा हा पंडित भारुडात जोशी, वासुदेव, वेडी यांच्या तोंडून बोलतो आणि काम-क्रोध सांगायला विंचू आणतो, कारण समोरचा श्रोता बदलला आहे. त्यांच्याकडे शब्द कमी नव्हते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे सुबोधपणाला कोणी अडाणीपणा म्हणणार नाही.

बोलीचाही दिखावा होतो

संस्कृत शब्दांचा फुलोरा काढून टाकल्यावर काही मुले दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक ओळीत 'लै', 'कामून' कोंबू लागतात, जणू ग्रामीणपणाचा दाखलाच जोडायचा आहे. हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार आहे. मराठवाड्याची बोली एक नाही: उदगीर-देगलूरकडे कन्नड-तेलुगूची लकब लागते, छत्रपती संभाजीनगरात दखनी उर्दू मिसळते, परभणीचा हेल वेगळा. उदगीरच्या आजीच्या तोंडी बीडचे शब्द घातले तर शहरातल्या वाचकाला कळणार नाही, पण उदगीरला हसतील, आणि गोष्ट तर त्यांचीच असते. बोली संवादात मोकळेपणाने वापरावी. निवेदनात जिथे प्रमाण शब्दाने अर्थ निसटतो तिथेच आणावी. परदेशी गाड्या आणि सोन्याच्या साखळ्यांच्या ओळींबद्दल मी जास्त बोलत नाही. बुलेटचा हप्ता थकलेला असताना त्या म्हणवतात कशा, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

ऐकवून पाहावे

मसुदा तयार झाला की तो दोन माणसांना ऐकवावा: एक त्या कामातला आणि एक त्या कामाबाहेरचा. रॅप असेल तर हेडफोन न देता साध्या मोबाइलच्या स्पीकरवर एकदाच वाजवावा, कारण बसस्टँडवर तो तसाच ऐकला जाणार आहे. 'आवडले का' हा प्रश्न विचारू नये; आपल्याकडे त्याला कोणी नाही म्हणत नाही. 'काय झालं ते सांगा' असे म्हणावे आणि गप्प बसावे. बाहेरचा माणूस जिथे अडखळतो तिथे वाट बुजलेली असते, आणि कामातला माणूस जिथे हसतो तिथे लेखकाने थाप मारलेली असते.

त्या मुलाने आपल्या चार ओळी आईला ऐकवल्या. ती कारखान्यावरून परतली होती, मार्च संपत आला होता. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "पोळी कुठली? भाकरी दिली होती." त्याने तिसरी ओळ बदलून 'भाकरीनं भरली झोळी' केली. पुन्हा ऐकवली. ती म्हणाली, "आपल्याकडं झोळी कधी होती?" यमकासाठी त्याने आणखी आठ दिवस घालवले, ओळ तीन-चार तऱ्हांनी फिरवली, आणि शेवटी वर्गात आला तेव्हा तिसरी ओळ अशी होती: 'आई म्हणली, आजीकडं ऱ्हा, हातात दिली भाकरी.' घरे तीच चौदा. टोळी आणि मोळीनंतर कान तिसऱ्या 'ळी'ची वाट पाहतो, ती येत नाही, आणि तेवढ्या क्षणापुरती ती भाकरी हातात राहते. मग चौथ्या ओळीत 'ओळी' येते.